दोनशे चौदा बाकं

खिडकी बंद होती, आणि खिडकीमागची सगळी माणसं मैदानावर कवायत करत होती.

काचेवर कागद चिकटवला होता: शुक्रवारी सामुदायिक व्यायामानंतर कामकाज सुरू होईल. व्यायाम कधी संपेल ते लिहिलं नव्हतं. तिकडे लाउडस्पीकरवर गाणं लागलं होतं आणि केशरी पोशाखातले चारेकशे कर्मचारी एक-दोन-तीन-चार करत हात वर-खाली करत होते. विद्यापीठाला सत्तर वर्षं झाली होती. त्या आनंदात आज कवायत नेहमीपेक्षा लांबली होती.

लास्मी घड्याळाकडे बघत उभी होती. आठ वाजून दहा मिनिटं. दुपारी दोन वाजता खाली शहरात शिक्षण कार्यालयाची खिडकी बंद होणार होती, आणि त्या आधी तिला तिच्या पदविकेची साक्षांकित प्रत तिथे द्यायची होती. नाही दिली तर विषय संपला. एकवीस वर्षं ती सरकारी प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षिका होती. जुन्या हंगामी लोकांना कायम करण्याची ही यादी शेवटची, असं कार्यालयाने लेखी कळवलं होतं. दर सोमवारी झेंडावंदनाला कायम शिक्षक खाकी कपड्यात पुढच्या रांगेत आणि ती पांढऱ्या-काळ्या कपड्यात मागच्या रांगेत, नव्याने लागलेल्या पोरींच्या शेजारी. त्या पोरींना तिनेच पहिलीत अक्षरं शिकवली होती.

"बस जरा, लास," पैनेम म्हणाली. "उभं राहून खिडकी लवकर उघडते का?"

पैनेम पायरीवर बसून तळलेलं तोफू खात होती. दोघी एकाच शाळेत, एकाच तुकडीच्या, एकाच अध्यापक महाविद्यालयातून नव्वद साली बाहेर पडलेल्या, आणि दोघीही आजतागायत हंगामी, त्याच यादीतल्या. पैनेम वर्षाने मोठी, म्हणून लास्मी तिला 'यू' म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पैनेमचा स्वभाव असा, की बसमध्ये तिच्या पायावर कुणी पाय दिला तर तीच माफी मागायची.

"तुला भूक कशी लागते गं यू?" लास्मी वैतागून म्हणाली.

"तुला राग कसा येतो, तशीच. वेळेवर."

बुधवारपासून दोघी पैनेमच्या स्कूटरवरून खेटे घालत होत्या. तीर्तसारी विद्यापीठाचे सेमारांग शहरात तीन परिसर. सगळ्यात जुना खाली, समुद्राजवळ. बुधवारी त्या आधी तिथेच गेल्या, कारण त्यांचं अध्यापक महाविद्यालय तिथेच होतं. भरतीचं पाणी रस्त्यावर आलेलं, पहारेकरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीवर पाय घेऊन बसलेला. तो म्हणाला, इथलं ऑफिस मधल्या परिसरात गेलं. पाणी चढेल तसं विद्यापीठ एकेक टप्पा डोंगरावर सरकत होतं. कुठलं खातं कुठे जाऊन बसलं हे खुद्द विद्यापीठालाही नीट ठाऊक नव्हतं. गुरुवारी मधल्या परिसरात गेल्या. तिथे दोऱ्यांवर जुनी रजिस्टरं वाळत घातलेली. तिथला माणूस सज्जन होता. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं की शिक्का वर असतो. म्हणून आज गोम्बेलचा चढ चढून वर. चढावर स्कूटर दोघींना घेईना. लास्मी उतरली आणि अर्धा चढ पायी चढली. ट्रकांचा धूर खात, हातात फाइल, आणि मनात विद्यापीठाच्या सात पिढ्यांचा उद्धार.

सव्वानऊला खिडकी उघडली. आत पाक विनार्दी, म्हणजे विनार्दीसाहेब, केशरी पोशाखातच घाम पुसत बसले. त्यांनी पदविका उलटसुलट करून पाहिली, मूळ आणि प्रत शेजारी ठेवून पाहिली, आणि गोड हसले.

"बू, ही आमची नाही," ते म्हणाले. कुठल्याही बाईला आदराने 'बू'च म्हणतात.

"नाही कशी? अध्यापक महाविद्यालय नव्व्याण्णव साली तुमच्यातच विलीन झालं."

"झालं ना. पण ही नव्वदची आहे. तेव्हा तुम्ही आमच्या नव्हता."

"मग कुणाच्या होतो?"

"महाविद्यालयाच्या. जी संस्था पदविका देते, तीच प्रत साक्षांकित करते. नियम साधा आहे."

"ती संस्था कुठाय?"

"ती बंद झाली, बू." विनार्दींनी चेहऱ्यावर दुखवट्याला शोभेलसं दुःख आणलं. "बंद पडलेल्या संस्थांसाठी जकार्ताला अर्ज करायचा. सहा-आठ आठवड्यांत येतं."

लास्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने आवाज खालीच ठेवला, कारण आवाज चढवला तर जावा बेटावरचा माणूस हसतो आणि काम आणखीच लांबवतो.

"विलीनीकरणाचा आदेश आहे का तुमच्याकडे?"

होता. विनार्दींना त्याचा अभिमानही होता. त्यांनी फाइल काढून बोट ठेवून वाचून दाखवलं. जमीन, दोन एकर. इमारती, सहा. शिक्षक व कर्मचारी, एक्याऐंशी. बाकं, दोनशे चौदा. कपाटं, एकोणतीस. एक पियानो, नादुरुस्त.

"बघा, माजी विद्यार्थी कुठेच नाहीत," ते म्हणाले. "आता आदेशात जे नाही, त्यावर मी शिक्का कसा मारू? उद्या तपासणी झाली तर कोण सापडणार?"

"म्हणजे मी ज्या बाकावर बसले ते बाक तुमचं?"

"हो."

"आणि बाकावर बसलेली मी नाही?"

विनार्दींनी खरोखर थोडा विचार केला. "कागदोपत्री नाही, बू."

लास्मीने कपाळाला हात लावला. शेजारी पैनेम म्हणाली, "त्यांचंही बरोबरच आहे, लास. त्यांना आदेश," आणि तेवढ्यात लास्मीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने उरलेलं वाक्य गिळलं. विनार्दींनी दोघींचे कागद नीट जुळवून, टाचणी लावून परत दिली. ते वाईट नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं.

बाहेर पडताना पैनेमला हात धुवायचे होते, म्हणून दोघी मोठ्या सभागृहाच्या ओसरीत शिरल्या. तिथे सत्तर वर्षांचं प्रदर्शन मांडलं होतं. पहिल्याच फलकावर भिंतीएवढा फोटो: लांब व्हरांडा, आंब्याचं झाड, पांढऱ्या ब्लाउजमधल्या मुलींची रांग. खाली ठसठशीत अक्षरं: १९५४, अध्यापक महाविद्यालय, आमचा जन्म.

"अगं, ही आपली पाण्याची टाकी," पैनेम आनंदाने म्हणाली. "हिच्यामागे बसून तू माझी डाळिंबं संपवायचीस."

लास्मीला टाकी दिसत नव्हती. तिला १९५४ दिसत होतं. विद्यापीठ स्वतः स्थापन झालं १९७७ साली, हे सेमारांगात शाळकरी पोरालाही माहीत होतं. मग सत्तर वर्षं आली कुठून? तिच्या महाविद्यालयाची तेवीस वर्षं उचलून स्वतःच्या वयात घातली होती. शेजारच्या कुठल्याशा विद्यापीठापेक्षा थोरलं दिसावं म्हणून. जमीन घेतली, बाकं घेतली, नादुरुस्त पियानो घेतला, जन्मतारीखसुद्धा घेतली. फक्त तिला घेतलं नव्हतं.

"तुम्ही इथल्या का?" मागून आवाज आला.

लारासती नावाची तरुण प्राध्यापिका होती, इतिहास समितीची. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन, डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. तिने भराभर सांगितलं. अकरा वाजता तुम्पेंग कापायचा कार्यक्रम. पिवळ्या भाताच्या डोंगराचं पहिलं टोक कुलगुरू बाई महाविद्यालयाच्या जुन्या विद्यार्थ्याला देणार, घरातल्या वडीलधाऱ्याला देतात तसं. एकसष्ट सालचे एक आजोबा ठरले होते, त्यांचा रक्तदाब सकाळी एकदम खाली गेला. दुसरं कुणी सापडत नाही.

"बू, उपकार होतील. काही बोलायचं नाही. ताट घ्यायचं आणि हसायचं."

"मी तुमची नाहीये म्हणे," लास्मी म्हणाली, आणि खिडकीवरचा सगळा प्रकार तिला सांगितला.

लारासती ओशाळली. "असं कसं म्हणाले? कार्यक्रम झाला की मी स्वतः बघते."

कार्यक्रम झाला की. लास्मीने मनात हिशेब मांडला. अकराचा कार्यक्रम, पावणेबाराला जुम्म्याचा नमाज, मग जेवण, मग दोन. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिने तोंड मिटलं.

"येते," ती म्हणाली. "यू, फाइल सांभाळ. शेवटच्या रांगेत बस."

पैनेम संशयाने तिच्याकडे बघत राहिली. "काय करणारेस?"

"हसणारे."

सभागृह गच्च भरलं होतं. सगळे केशरी, सगळे सकाळी सहापासून उपाशी, कारण कवायतीनंतर नाश्ता नव्हता, तुम्पेंगच होता. व्यासपीठावर कमरेएवढा पिवळा भात, भोवती कोंबडी, तळलेली बारीक मासळी, अंडी, भाज्या, आणि त्या वासाने मागच्या रांगेतल्या माणसाच्याही पोटात कावळे ओरडत होते. पहिलं ताट दिल्याशिवाय कुणी घास घेत नाही. हे कुठल्या आदेशात लिहिलेलं नाही, पण ते मोडायची कुणाची छाती नाही.

कुलगुरू बाई छान बोलल्या. महाविद्यालयाला त्यांनी आमची आई म्हटलं. जमीन-इमारतींचा उल्लेख केला नाही. मग भाताचं टोक कापून केळीच्या पानाच्या ताटात ठेवलं आणि दोन्ही हातांनी लास्मीपुढे धरलं. फोटोवाले वाकले.

लास्मीने हात पुढे केले नाहीत. तिने ते पोटापाशी एकमेकांत गुंतवून ठेवले, मोठ्यांसमोर उभं राहताना ठेवतात तसे, आणि माइककडे किंचित झुकली.

"माफ करा, बू. मला हे घेता येणार नाही."

कुलगुरू बाई हसतच राहिल्या. त्यांना वाटलं, संकोच आहे. तीनदा नाही म्हणायची रीतच आहे.

"पहिलं ताट घरच्या माणसाला देतात," लास्मी म्हणाली. "आज सव्वानऊला तुमच्याच खिडकीवर मला सांगितलं, मी या घरची नाही. घरच्या सामानाची यादी आहे, त्यात बाकं आहेत, मी नाही. परक्याच्या घरचं पहिलं ताट मी कशी घेऊ? मला पाप लागेल."

पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तिसऱ्या रांगेत पाक विनार्दी आपल्या बुटांकडे बघायला लागले. कुलगुरू बाईंनी माइकवर हात ठेवून हळूच विचारलं, काय हवंय. लास्मीने सांगितलं. प्रतीवर सही आणि गोल शिक्का. आज.

"कार्यक्रमानंतर लगेच करू, बू. शब्द देते."

"कार्यक्रमानंतर नमाज, नमाजानंतर जेवण, जेवणानंतर शनिवार," लास्मी म्हणाली. "माझी खिडकी दोनला बंद होते. मी थांबते इथे. मला घाई नाही."

घाई कुणाला होती ते सगळ्यांनाच दिसत होतं. अकरा वाजून बारा मिनिटं. चारशे माणसं भाताकडे बघत होती. लारासतीने दोन्ही फोन छातीशी धरले होते. कुलगुरू बाईंचे हात अवघडले, त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, एकदा भाताकडे, एकदा सभागृहाकडे पाहिलं, आणि माइकवरून म्हणाल्या, "पाक विनार्दी, शिक्का घेऊन या. पळत."

विनार्दी पळाले. सकाळच्या कवायतीचा तेवढा तरी उपयोग झाला.

शिक्का आला. कागद शेवटच्या रांगेत पैनेमपाशी होते. लास्मीने हात करून खूण केली, आणि पैनेमने फाइलमधून कागद काढून पुढच्या माणसाच्या हातात दिला. रांगेरांगेतून तो कागद पुढे सरकत आला. कुलगुरू बाईंनी सही केली, विनार्दींनी फुंकर मारून शिक्का उठवला. टाळ्या वाजल्या. उपाशी माणसाच्या टाळ्या जोरदार असतात. ताट पुन्हा पुढे आलं.

लास्मीने कागदाकडे पाहिलं. एकच होता. तिचा.

तिने मागे नजर टाकली. शेवटच्या रांगेतून पैनेम हाताने खुणावत होती: घे, घे, संपव. फाइल तिने मांडीवर मिटून ठेवली होती आणि चेहरा असा, जणू तिला इथे काही कामच नव्हतं.

आता लास्मीला जो राग आला, तो तीन दिवसांत आला नव्हता. विनार्दींचा नाही, विद्यापीठाचा नाही, पैनेमचा. ही बाई जन्मभर हेच करत आली होती. बदलीची जागा निघाली तर घे लास, मी थांबते. पंख्याखालची खुर्ची, घे लास. आताही कायम व्हायच्या यादीत त्यांच्या शाळेच्या दोन जागा असताना हिने कागद फाइलमध्येच ठेवून आपली जागा सोडून दिली होती. आणि आपण? आपण दरवेळी घेतली होती. हेही तिला तिथेच, त्या भाताच्या डोंगराशेजारी उभ्या उभ्या कळलं, आणि तिला स्वतःचीही चीड आली.

हातातल्या कागदावरचा शिक्का अजून ओला होता. आणखी ताणलं तर हाही जाईल. कुलगुरू बाईंचं हसू आता दातांपुरतंच उरलं होतं.

"बू," लास्मी म्हणाली, "आम्ही दोघी आहोत."

"दोघी?"

"यू पैनेम. शेवटची रांग. ती उठणार नाही, तुम्हालाच बोलवावं लागेल."

सभागृहात सुस्कारा उठला, सरळ चारशे पोटांमधून. कुलगुरू बाईंनी डोळे मिटून उघडले आणि नाव पुकारलं. पैनेम उठली. लाजेने लाल होत, दोन्ही बाजूंच्या लोकांची माफी मागत, वाकून वाकून ती पूर्ण सभागृह चालत आली. तिला वर चढायला सव्वा मिनिट लागलं आणि लोकांना ते फार लांब वाटलं.

कुलगुरू बाई सही करता करता मायेने म्हणाल्या, आणि माइक चालूच होता, "एवढ्याशा कामासाठी, बू! आधीच यायचं ना माझ्याकडे."

पैनेमने नेहमीप्रमाणे माफी मागायला तोंड उघडलं. लास्मीला ते ऐकायचंसुद्धा नव्हतं. पण माफी आली नाही.

"बुधवारपासून येतोय, बू," पैनेम म्हणाली. "खाली पाण्यात उभ्या राहिलो. मधे चहा प्यायलो. गोम्बेलचा चढ ही पायी चढली, तिचे गुडघे दुखतात. आणखी कुठे यायचं होतं ते कुणी सांगितलंच नाही." मग जरा थांबून, "आणि काम एवढंसं नाहीये. तुमच्यासाठी असेल."

कुलगुरू बाईंनी सही पूर्ण केली. विनार्दींनी शिक्का मारला, या वेळी फुंकर न मारता.

लास्मीने ताट दोन्ही हातांनी घेतलं, हसली, फोटो निघाला. मग तिने ते विनार्दींच्या हातात दिलं. "तुम्ही खा, पाक. सकाळपासून कवायत करताय." तिला टोमणा मारायचा होता, पण माणूस इतका भुकेला दिसत होता, की टोमणा अर्ध्यातच दयेत बदलला आणि तिचा तोही आनंद गेला.

दोघी न जेवता निघाल्या. उतारावर स्कूटरला दोघींचं वजन चालत होतं. लास्मीला पैनेमची माफी मागायची होती, पण मागे बसून हेल्मेटमधून ओरडून मागायची ती गोष्ट नव्हती.

शिक्षण कार्यालयात रांग होती. एक वाजून चाळीस मिनिटांनी खिडकीवरच्या मुलीने दोघींचे कागद घेतले, शिक्के उजेडात धरून पाहिले, आणि संगणकावर टाइप करायला लागली. लास्मीचं झालं. पावती मिळाली. मग पैनेमचं.

"संस्था तीर्तसारी विद्यापीठ," मुलगी म्हणाली. "बरोबर ना, बू? तुम्ही त्यांच्याच?"

"हो," पैनेम म्हणाली. "आज सकाळपासून."